थोरलीची बोटं

कुठल्याही घरी गेली तरी थोरलीची नजर आधी माणसांकडे जायची नाही, खुर्चीकडे जायची. बसण्याआधी तिचा हात नकळत खुर्चीखाली जाई, चौकटीच्या कडेने फिरे, आणि मग ती ठरवी, इथे सगळं अंग सोडून बसायचं की नुसतं टेकायचं. लोकांना वाटे, बाई भिडस्त आहे. तसं काही नव्हतं. वेताच्या खुर्च्या विणण्यात तिचा जन्म गेला होता, आणि ओळखीच्या माणसाची नाडी बघावी तशी ती खुर्चीची प्रकृती बघत असे.

रस्त्याला लागून असलेली पुढची खोली म्हणजे दुकान. छताच्या आकड्यांना खुर्च्या टांगलेल्या, त्यामुळे उंच गिऱ्हाईक आलं की ते आपोआप नम्र होई. कोपऱ्यात पसरट टब, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. खिडकीखाली थोरलीचं बुटकं स्टूल. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. खरं तर त्यांना ते आपल्या मुलांना शिकवायचं होतं, पण थोरल्या मुलाचं चित्त थाऱ्यावर नसे आणि धाकट्याचे हात जड. शेवटी एका दुपारी त्यांनी नव्या सुनेच्या हातात एक पट्टी ठेवली आणि तिला डोळे मिटायला लावून विचारलं, की हिची पाठ कुठली आणि पोट कुठलं. वेताच्या पट्टीला पाठ असते आणि पोट असतं. पाठ म्हणजे मूळची साल, काचेसारखी गुळगुळीत. पोट खरखरीत. विणताना पाठ नेहमी वर हवी, नाहीतर बसणाऱ्याचे कपडे झिजतात आणि जाळीही लवकर तुटते. सुनेने बोटं नुसती टेकवली आणि बरोबर सांगितलं. त्या दिवसापासून सासऱ्यांनी मुलांना खुर्च्या उचलण्याच्या कामाला लावलं.

धाकटी जाऊ मागाहून आली. तिला विणणं फारसं जमलं नाही, पण लाकडाला पॉलिश लावण्यात आणि बोलण्यात तिचा हात, म्हणजे तोंड, कुणी धरू शकत नसे. गिऱ्हाईक तीच सांभाळी. एकीचे हात आणि दुसरीचं तोंड मिळून एक दुकान चालतं, असं शेजारी म्हणत. दोघींचे नवरे यथाकाल गेले. धाकटीची मुलगी लग्न होऊन दूर गेली. उरल्या या दोघी, एकीने पंच्याहत्तरी ओलांडलेली, दुसरी तिच्या मागोमाग. एकमेकींशी भांडल्याशिवाय त्यांचा चहा गोड होत नसे.

थोरलीच्या अंगावरचे कपडे लोंबायला लागले तेव्हा ते आधी धाकटीच्या लक्षात आलं. शौचाला रक्त पडत होतं, पण मूळव्याध असेल म्हणून थोरली गप्प राहिली होती. धाकटीने बोल बोल बोलून तिला दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या इस्पितळात. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, आणि यकृतात तिची पिल्लं.

तिथल्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. चष्मा डोक्यावर सरकवून नंतर तो टेबलावर शोधायची त्यांना सवय होती. धाकटी पुढे सरसावून बसली होती तरी त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून थोरलीच्या समोर बसल्या आणि तिलाच म्हणाल्या, "आजी, हे मुळापासून जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण आवरता येतं, पुष्कळदा बरेच दिवस आवरता येतं. नुसत्या वयावरून मी काही ठरवत नाही. तुमच्या अंगात किती जोर आहे ते आधी बघू, म्हणजे औषध किती जोराचं द्यायचं ते कळेल."

त्यासाठी निरनिराळ्या तपासण्या होत्या. जेवण कसं आहे, घरात सोबत कोण, पडायला होतं का, हे सगळं सिस्टरने विचारलं आणि सगळ्याची उत्तरं धाकटीने दिली. तीन शब्द सांगून ते थोड्या वेळाने आठवायला सांगितले, तर तेही धाकटीनेच म्हणून दाखवले. सिस्टरने तिला गोड शब्दांत बाहेर बसवलं. त्यामुळे पुढची तपासणी कशी झाली, हे तिने पाहिलं नाही. ती साधीच होती. खुर्चीतून उठायचं, समोरच्या रेघेपर्यंत चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. सिस्टर घड्याळ लावून उभी. चाकांची खुर्ची सरकते म्हणून तिने कोपऱ्यातली एक जुनी वेताची खुर्ची पुढे ओढली होती.

निकाल चांगला आला नाही. उठायला वेळ, चालताना दोनदा मागे वळून पाहणं, आणि बसताना तर किती वेळ. डॉक्टरीणबाईंनी तो दोघींना वाचून दाखवला आणि भुवया उंचावल्या, कारण समोरची बाई काटक दिसत होती. पण जपून वागणं बरं, म्हणून त्या म्हणाल्या, की जोराचं औषध बहुधा झेपणार नाही, त्रास कमी ठेवण्याकडे लक्ष देऊ, पुढच्या भेटीत नक्की ठरवू. थोरलीने मान डोलावली. धाकटी घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि हे इतकं अघटित होतं, की थोरलीने दोनदा तिचा हात धरून तिला बरं आहे ना विचारलं.

घरी आल्यावर थोरलीने चपला काढल्या, शिडी लावली आणि आकड्यावरची खुर्ची उतरवायला सरळ वर चढली. धाकटी खालून बघत राहिली. मग तिला वाचा फुटली.

"अहो जाऊबाई, तिथे चार पावलं टाकताना तुमची म्हातारी झाली, आणि इथे खारीसारख्या चढताय?"

"तिथली खुर्ची अगदी शेवटच्या घटका मोजत होती," थोरली वरून म्हणाली. "मागची कड सगळी सुटलेली. पटकन उठले असते तर जाळी फाटली असती. म्हणून बेतानं उठले."

"आणि मागे वळून काय बघत होता?"

"फाटली का ते. आणि परत त्याच खुर्चीत बसायचं होतं ना? मग आधी खाली हात घालून बघितलं, कुठली बाजू धड आहे ते."

धाकटी मटकन पायरीवर बसली. आधी तिने कपाळावर हात मारला, मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. त्या मरतुकड्या खुर्चीला जपायला हिने आपला जीव पणाला लावला, असं ती पुढे कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी धाकटीने तिला परत नेलं आणि भेटीची वेळ नसताना डॉक्टरीणबाईंना दारातच गाठलं. हकीकत ऐकून त्या इतक्या हसल्या, की डोक्यावरचा चष्मा खाली पडला. तपासणी नव्याने झाली, या खेपेला लाकडी स्टुलावर. स्टुलाच्या प्रकृतीबद्दल थोरलीला काही म्हणायचं नव्हतं. सिस्टरने घड्याळाचं बटण दाबलं न दाबलं तोच ती रेघेला शिवून परत येऊन बसली होती.

मग खरं बोलणं झालं. औषधं दोन होती. एक मवाळ, दुसरं जहाल. दोन्ही मिळून दिली तर गाठी चांगल्या आक्रसतात, पण जहाल औषध बोटांच्या टोकांवर उठतं. आधी गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या, आणि पुढे पुढे बधिरपणा, जो कधी कधी जातच नाही. हे सांगून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, या सगळ्यात तुम्हाला काय गमवायचं नाही?"

धाकटीने तोंड उघडलं. थोरलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि ते मिटलं.

"दिवस किती मिळायचे ते मिळोत," थोरली म्हणाली. "पण बोटं मला हवीत. बोटं गेली तर उरलेल्या दिवसांत मी काय, हिचं बोलणं ऐकत बसू?"

करार ठरला. दोन्ही औषधं द्यायची, पण सुरुवात पूर्ण मापाने नाही, जरा खालून. मवाळ औषध गोळ्यांतूनही मिळतं, पण त्या गोळ्यांनी तळहाताची सालं निघतात, म्हणून ते बाटलीतून, सावकाश. आणि औषधाची पुढची पाळी येईपर्यंतही बोटं बधिर राहायला लागली, की जहाल औषध बंद. "मात्र ते मला तुम्हीच सांगायचं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "स्कॅनमध्ये गाठ दिसते, बोटातलं दिसत नाही."

गळ्याखाली कातडीच्या आड एक छोटी डबी बसवली. दर खेपेला इस्पितळात औषध चढवून झालं, की त्या डबीला एक बाटली जोडून घरी पाठवत. बाटलीच्या पोटात फुगा, तो दोन दिवस हळूहळू आक्रसत औषध आत ढकलायचा. धाकटीने गादीच्या उरलेल्या कापडाची बाटलीसाठी पिशवी शिवली, कमरेला बांधायची, फुलाफुलांची. गिऱ्हाईक विचारी, हे काय? धाकटी सांगे, मालकीणबाईंनी आता तिजोरी अंगावरच ठेवलीय.

गारव्याचं मात्र खरं होतं. पहिल्याच खेपेनंतर थोरलीने सवयीने टबात हात घातला आणि विजेचा झटका बसल्यासारखा बाहेर काढला. वेत तर भिजवल्याशिवाय वाकत नाही. धाकटीने त्याच दिवसापासून पाणी कोमट करायला घेतलं, आणि मग तिला चेवच चढला. दाराच्या कडीला चिंधी, कात्रीच्या मुठीला चिंधी, नळाच्या चावीला लोकरीची टोपी. घर असं दिसायला लागलं, जसं काही सगळ्या सामानालाच सर्दी झाली आहे. थकव्याचे दिवस येत, तोंड येई, जेवण नकोसं होई. त्या दिवसांत थोरली आडवी पडून राही आणि धाकटी पलीकडच्या खोलीतून बोलत राही, उत्तराची अपेक्षा न ठेवता, रेडिओसारखी. चार-पाच दिवसांनी थोरली म्हणे, "आता जरा बंद कर," की धाकटीला कळे, हिला बरं वाटतंय.

काही महिन्यांनी स्कॅन झाला. यकृतातल्या गाठी निम्म्यावर आल्या होत्या. धाकटीने डॉक्टरीणबाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायचं विसरली. घरी येताना गल्लीतल्या प्रत्येक दारात थांबून तिने बातमी दिली. पोस्टमनला बळेच आत बसवून चहा पाजला. बिचाऱ्याचं ते शेवटचं घर नव्हतं, पण त्या दिवशी पुढची पत्रं उशिराच पोचली.

आणि नेमक्या त्याच सुमाराला थोरलीची बोटं मुकी झाली होती.

आधी तिला वाटलं, जाईल, मागच्या वेळी गेलं होतं. या वेळी पुढची पाळी आली तरी गेलं नाही. गुंडी लावताना ती बोटांत आहे की निसटली, ते बघावं लागे. पट्टीची पाठ आणि पोट एकच वाटे, दोन्हीकडे नुसता कापूस. मग ती पट्टी खिडकीकडे धरून, चमक बघून विणायला लागली. ढगाळ दिवशी अंदाजाने. सांगायचं ठरलेलं होतं, पण सांगायला तोंड उघडावं तर समोर धाकटी गाणं गुणगुणत पाणी कोमट करत असे. हिच्या आनंदावर पाणी कसं ओतायचं, या विचाराने थोरली गप्प राहिली. गप्प राहणं तिला तसंही चांगलं जमत असे.

त्या वेळी वाचनालयाच्या खुर्च्या कामाला आल्या होत्या. पुढच्या भेटीला डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बोटं कशी आहेत? गुंड्या वगैरे लागतात ना?"

"लागतात," थोरली म्हणाली.

"लागतात," धाकटीही म्हणाली, त्याच क्षणी.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. एकीला विचारलेल्या प्रश्नाला दोघींनी उत्तर देणं नेहमीचं होतं, पण एकमत होणं नेहमीचं नव्हतं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. धाकटीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग खाली बघत म्हणाली, "पट्ट्या उलट्या विणल्या जाताहेत त्यांच्याकडून. वाचनालयाच्या दोन खुर्च्यांत आहेत. मी वरून पॉलिश मारलं, दिसू नये म्हणून."

"तू काय केलंस?" थोरली हळूच म्हणाली.

"पॉलिश मारलं."

"वेताला?"

"मग काय करू? तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही इथे सांगितलं असतं, आणि यांनी औषध थांबवलं असतं. गाठी निम्म्या झाल्यात, जाऊबाई. निम्म्या. मला तुम्ही हव्या आहात, खुर्च्या गेल्या खड्ड्यात."

"वेताला पॉलिश मारत नाहीत," थोरलीचा आवाज चढला, आणि डॉक्टरीणबाईंनी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "सगळा ताण जातो त्याचा. लोक डाग घेऊन उठतील. इतकी वर्षं दुकानात राहून एवढं कळू नये तुला?"

"आणि तुम्हाला बोटं बधिर झाल्याचं सांगायला नको होतं?"

"तू गाणी म्हणत होतीस. कशी सांगू?"

यावर दोघीही एकदम थांबल्या. आपण एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो, हे दोघींच्या बरोबरच लक्षात आलं असावं. धाकटीने नाक ओढलं. थोरलीने आपला रुमाल तिच्यापुढे केला, आणि तो आधी आपल्याच हातातून दोनदा निसटला.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. जहाल औषध आजपासून बंद, असं त्यांनी सांगितलं. बाटली चालू राहील. धाकटीने विचारलं, की मग गाठी परत वाढल्या तर?

"दूध उतू जायला लागलं की गॅस बारीक करतो ना आपण," त्या म्हणाल्या. "पातेलं काही खाली उतरवत नाही. लक्ष ठेवू. वाढल्या तर तेव्हाचं तेव्हा बघू, आणखी औषधं आहेत माझ्याकडे. हे औषध इथे थांबवायचं हे आपलं आधीच ठरलं होतं, आजी, यात काही बिघडलेलं नाही." मग त्यांनी एक कटू गोष्टही सांगून ठेवली. औषध थांबल्यावरही बधिरपणा काही दिवस वाढू शकतो. नंतर बहुतेकांचा उतरतो, पण किती उतरेल, ते त्या लिहून देऊ शकत नव्हत्या.

झालंही तसंच. पुढचे काही आठवडे थोरलीला सुईत दोरा तर सोडाच, कपाचा कान नीट धरता येईना. वाचनालयाच्या खुर्च्या उसवून पुन्हा विणणं भाग होतं. ते काम धाकटीवर आलं. थोरली शेजारी बसून सांगू लागली: ओढ, एवढं नको, आता तिरपी घे, अगं तिरपी म्हणजे त्या कोपऱ्याकडे, तुझ्या नाकाकडे नव्हे. जन्मात बोलली नव्हती एवढी ती त्या दिवसांत बोलली. धाकटी घामाघूम होऊन, जीभ दातांत धरून, मुकाट विणत बसे. रस्त्याने जाणारे दारात थबकत, दोघींकडे आळीपाळीने बघत, आणि आपण भलत्याच दुकानात आलो की काय, अशा चेहऱ्याने पुढे जात. पहिली खुर्ची इतकी वाकडी झाली, की ती दोघींनी घरातच ठेवून घेतली आणि वाचनालयाला दुसऱ्या चौकटीवर खुर्ची विणून दिली.

पुढचा स्कॅन आला. गाठी होत्या तेवढ्याच होत्या, वाढल्या नव्हत्या. या खेपेला धाकटीने पोस्टमनला धरलं नाही. तिने नुसता दुकानाचा केर काढला, आणि तो काढता काढता थोरलीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

बोटांचं मात्र काही कळत नव्हतं. रोज सकाळी थोरली खिडकीखाली बसून वेताची जुडी सोडी आणि जाड-बारीक पट्ट्या वेगळ्या करी. तेवढं डोळ्यांनी जमत असे. वाटण्या करता करता ती मधूनच एखादी पट्टी बोटांत धरून डोळे मिटी, थोडी थांबे, आणि काही न बोलता ढिगात ठेवून देई. धाकटी आतून बघत असे. विचारायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि हे तिच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं. वाकडी खुर्ची त्यापुढे काहीच नाही.

एका सकाळी धाकटी मोरीत भांडी घासत होती, तेवढ्यात बाहेरून "आई गं" ऐकू आलं. ती साबणाच्या हातांनी धावत आली. थोरली खिडकीशी उभी होती, एक बोट उजेडात धरून.

"काय झालं? पडलात का?"

"कुसळ गेलं," थोरली म्हणाली. "वेताचं."

"थांबा, सुई आणते."

"नको. थांब जरा."

"अहो सुजेल ते."

"सुजू दे," थोरली म्हणाली. तिने अंगठ्याने ते बोट दाबलं, आणि तिच्या तोंडून पुन्हा बारीक आवाज निघाला. "दुखतंय, धाकटे. चांगलं दुखतंय."

धाकटीला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिने ते बोट आपल्या ओल्या हातात घेतलं आणि वळवून वळवून पाहिलं. त्याच्या टोकाशी केसाएवढी काळी रेघ होती. दुसऱ्या बोटाला तिने नखाने टोचलं. कळलं का? थोडं. करंगळी? नाही. अंगठा? अंगठ्याला नुसतं कळतंय, की काहीतरी आहे. डाव्या हाताचं मधलं बोट बरं, बाकीची अजून झोपेतच. धाकटीने दहाही बोटं तपासली, शाळेत हजेरी घ्यावी तशी, आणि गैरहजर असलेल्यांना दोन शब्द सुनावले.

मग थोरली स्टुलावर बसली. तिने एक पट्टी उचलली, डोळे मिटले आणि कुसळाचं बोट तिच्यावरून फिरवलं.

"पाठ," ती म्हणाली. पट्टी उलटी केली. "पोट."

डोळे उघडून तिने बघितलं, आणि मग धाकटीकडे बघितलं.

धाकटीने ओले हात कमरेला पुसले.  मग म्हणाली, "आता तरी काढू का ते कुसळ?"

"आधी चहा टाक," थोरली म्हणाली. "मग काढ."

धाकटी आत गेली. चहा होऊन तो पिऊन होईपर्यंत कुसळ बोटातच होतं. दोघी दारात बसल्या होत्या. थोरली मधूनमधून ते बोट गरम कपावर टेकवी, तोंड वेडंवाकडं करी, आणि समाधानाने पुढचा घोट घेई.